वासुदेव सर्वांचा, बाहुली कोणाची?

लोकपरंपरेतील पात्रे कोणाच्याच मालकीची नाहीत, म्हणून त्यांवर बेतलेल्या हस्तकलेची नक्कल करण्यात काही गैर नाही, असे प्रतिपादन मोठ्या आत्मविश्वासाने केले जाते. पनवेलजवळच्या नेरे गावातील एखाद्या बचत गटाने वासुदेवाची कापडी बाहुली घडवली, तर ती कोणीही हुबेहूब शिवून विकावी, कारण वासुदेव त्या बायकांनी निर्माण केलेला नाही, असा हा पूर्वपक्ष आहे.

यातील आधार खरा असला तरी निष्कर्ष खोटा आहे. मोरपिसांची टोपी, घोळदार अंगरखा, टाळ-चिपळ्या सर्वांच्या आहेत. परंतु टोपीला उतार किती द्यायचा, चेहरा कोणत्या टाक्यांनी उभा करायचा, अंगरख्याचा घोळ कोणत्या कापडातून साधायचा, हे निर्णय करणारीचे असतात, आणि प्रताधिकार, म्हणजे आपल्या कृतीच्या प्रती काढण्यावरील निर्मात्याचा हक्क, 1957 च्या कायद्याने कलात्मक कारागिरीच्या मूळ कृतीलाही दिलेला आहे. पूर्वपक्ष ज्याचा हवाला देतो तो ‘आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स’ हा सर्वोच्च न्यायालयाचा 1978 चा निकाल त्याने अर्धाच वाचला आहे. कल्पना, कथानक वा दंतकथा यांवर प्रताधिकार नसतो, असे न्यायालयाने म्हटले हे खरे. पण अभिव्यक्तीतील महत्त्वाचा भाग उचलला गेला आणि पाहणाऱ्याला दुसरी कृती पहिलीची नक्कल असल्याचे निःसंशय जाणवले, तर हक्कभंग होतो, हेही त्याच निकालात आहे. सोयीचे तेवढे उचलून उरलेले झाकणे ही विद्वत्ता नव्हे. कष्टाने शिवणाऱ्या बायकांच्या तोंडचा घास काढणाऱ्यांची ती वकिली आहे.

चार-पाच बदल केले की कृती नवी ठरते, या समजुतीला कायद्यात आधार नाही. नकलेमुळे प्रसिद्धीच मिळते, हे नक्कल करणाऱ्याने ठरवायचे नसते. भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित उत्पादनाच्या नावाला मिळणाऱ्या संरक्षणाचा, मुद्दाही येथे विनाकारण ओढला जातो. वारली चित्रकलेला ते लाभले आहे, पण त्याने एकेका चित्राचा प्रश्न सुटत नाही. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे 2018 मध्ये निवर्तले, तरी त्यांच्या चित्रांवरील प्रताधिकार निर्मात्याच्या मृत्यूनंतरच्या 60 वर्षांच्या नियमानुसार 2078 अखेरपर्यंत टिकतो.

नवा वासुदेव घडवणाऱ्याने दुसऱ्याची बाहुली न उसवता परंपरेतील वासुदेवाकडे पाहावे. मग दोन्ही बाहुल्यांत मोरपिसे आली तरी समान स्रोतातून आलेले ते साम्य दोषास्पद नाही. प्रताधिकारासाठी नोंदणी सक्तीची नाही, मात्र वाद उद्भवल्यास तारीखवार कच्ची रेखाटने आणि छायाचित्रे पुरावा म्हणून उपयोगी पडतात.