खिडकीतला कप

उपवासकाळातला रविवार होता. आमच्या मंडळीचे पाळक परगावी गेले होते आणि त्या दिवशीच्या संदेशाची जबाबदारी माझ्यावर आली होती. ज्याने उभा जन्म हायस्कुलात मराठी शिकवण्यात घालवला, त्याला चार माणसांपुढे बोलण्याचे भय वाटत नाही. वाटायला हवे, पण वाटत नाही. मी उतारा निवडला तो लूकच्या सहाव्या अध्यायातला. झाड त्याच्या फळावरून कळते, काटेरी झुडपावरून कोणी अंजीर तोडून आणत नाही, आणि आत जे काठोकाठ साचलेले असते तेच तोंडावाटे बाहेर सांडते, असे येशू तेथे सांगतो. शनिवारी रात्री उशिरापर्यंत बसून मी टिपणे काढली. ती चांगली उतरली होती, हेही कबूल करायला हवे.

सकाळी मी आरशासमोर टाय बांधत होतो. सुटीसाठी आलेली माझी सात वर्षांची नात स्वयंपाकघरात दुधासाठी कप शोधत होती. तिने खिडकीतला एक कप उचलला. निळ्या फुलांचा, कान तुटलेला. मी आरशातूनच पाहिले आणि म्हणालो, "तो ठेव खाली. तो आपला नाही."

"मग कोणाचा?"

"मावशींचा."

"त्यांचा वेगळा का?"

"उशीर होतोय. चल, आटप."

मावशी मागे मोरीवर भांडी घासत होत्या. त्यांचा आवाज क्षणभर थांबला, असे मला नंतर वाटले. कदाचित थांबलाही नसेल. उपासनेला मी वेळेवर पोचलो, पंचवीस मिनिटे बोललो. बाहेर पडताना दोघा-तिघांनी हात हातात घेऊन संदेश आवडल्याचे सांगितले. फाटकापाशी आलो तेव्हा कुठे तो कप माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

आता त्या कपामागची हकीकत सांगायला हवी, नाहीतर वाचकाला ही म्हातारपणातली हळवी चाळवाचाळव वाटेल. आमचे घराणे नगर जिल्ह्यातले. माझ्या आजोबांचा बाप्तिस्मा छप्पनच्या दुष्काळानंतरचा, म्हणजे 1900 च्या सुमाराचा. ते महारवाड्यात जन्मले. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरात 1831 पासून सुरू होते. तिथल्या शाळेने आजोबांना अक्षर दिले आणि पुढे मास्तरकी दिली. आजी मात्र लहानपणचे पाणी विसरली नव्हती. विहिरीपासून दूर उभे राहायचे, कोणाला दया आली तर त्याने वरून ओतायचे, खाली हिने ओंजळ धरायची. "वरून ओतलेल्या पाण्याला चव असती रे," असे ती म्हणायची. कसली चव, ते तिने कधी सांगितले नाही. त्या आजीच्या नातवाच्या घरात खिडकीत एक वेगळा कप अकरा वर्षे पालथा पडून होता. मावशींची जात मी कधीच विचारली नाही, हे मी लोकांना अभिमानाने सांगत असे.

मत्तयाच्या बाराव्या अध्यायात हाच विचार येतो, आणि तेथे एक जास्तीचे वाक्य आहे. माणसांना आपल्या प्रत्येक रिकाम्या शब्दाचा हिशेब न्यायाच्या दिवशी द्यावा लागेल, अशा आशयाचे. येथे जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ 'काम न करणारा', बिनकामाचा. वर्षानुवर्षे मी या वाक्याचा अर्थ 'वायफळ बडबड करू नका' एवढाच लावत आलो. वर्गात तर तो फारच सोयीचा होता. आता वाटते, बिनकामाचा शब्द म्हणजे ज्याला आपण कामाला जुंपलेले नसते तो शब्द. माझा संदेश कामाला जुंपलेला होता. त्याला तयार केले होते, घासूनपुसून, दाखले देऊन. आरशातून निघालेले ते तीन शब्द मात्र कोणत्याही कामावर नव्हते. ते आपोआप आले. म्हणूनच हिशेब त्यांचा.

पेत्राची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. महायाजकाच्या अंगणात तो शपथेवर सांगत होता की मी त्या माणसाला ओळखत नाही. भोवतालचे लोक म्हणाले, तुझ्या बोलीवरूनच कळते की तू त्यांच्यातला. तो गालीलचा, आणि गालीलचा हेल यरुशलेमेत लपत नसे. तोंड नाकारत होते आणि हेल साक्ष देत होता. बिचाऱ्या पेत्राचा हेल निदान त्याच्या शब्दांहून खरा निघाला. माझे उलटे झाले. शब्द सगळे गालीलचे आणि हेल महायाजकाच्या वाड्यावरचा.

कोणी म्हणेल, एका कपाचे एवढे काय? मावशी आजारी पडल्या तेव्हा दवाखान्याचा खर्च आम्ही केला, त्यांच्या मुलाच्या फीला हातभार लावला. तो खोटा नव्हता. पण जुन्या कराराच्या हिब्रूत ज्याला 'लेव' म्हणतात ते हृदय नुसते भावनांचे घर नव्हे. विचार, निवड, संकल्प यांचाही कारभार तेथूनच चालतो. म्हणून मराठी बायबलातला 'अंतःकरण' हा शब्द मला इंग्रजी 'हार्ट'पेक्षा मुळाला जवळचा वाटतो. आतले उपकरण. माझ्या भावना मावशींबद्दल चांगल्याच होत्या. आतले उपकरण मात्र आपले निवडण्याचे काम मुकाट्याने करीत राहिले होते, हे आत, ते बाहेर, हे कपाटात, ते खिडकीत.

अशा वेळी मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. ज्यांच्या वडिलांचे सोवळे घरादाराला छळून गेले, त्या बाईंचा नवरा 1895 साली ख्रिस्ती झाला. ताटातुटीची वर्षे सोसून त्या नारायण वामन टिळकांकडे परत आल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच. पुढे ते त्यांनी टाकले, ते स्वतः विचार करून. आणि बाप्तिस्मा 1900 साली, त्यानंतर घेतला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. हात आधी बदलला, मुखाने कबुली मागाहून दिली. द्राक्षमळ्यात जायला 'नाही' म्हणून मग गेलेल्या मुलाचा दाखला येशूने दिला, त्यातला मुलगा असाच. आम्ही तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती 'जातो, बाबा' म्हणणाऱ्या दुसऱ्या मुलाच्या वंशातले. आमच्या मंडळ्यांतून लग्ने जुळवताना काय काय हळूच विचारले जाते, ते येथे लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

सोमवारी मावशी आल्या. बायकोने कपाटातल्या सेटमधला कप काढून त्यात चहा ओतला. मीच तो त्यांच्या हाती दिला आणि म्हणालो, "मावशी, आजपासून ह्यातच घ्या. आणि इथे खुर्चीवर बसून घ्या."

त्यांनी कपाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "राहू द्या सर," त्या म्हणाल्या. "ह्यो फुटला तर बाईंचा सेट मोडंल."

मी काय म्हणायला हवे होते, ते मला सुचले नाही. त्यांनी उठून खिडकीतला कप घेतला, त्यात चहा ओतून घेतला, आमचा कप विसळून कपाटात ठेवला. मग उंबऱ्याशी बसून चहा प्यायल्या, आपला कप धुतला आणि होता तेथे पालथा ठेवला. नात दारात उभी राहून पाहत होती.