आलिशान जहाजाची सफर : शौक करा, पण पारखून

आमच्या नेसरीपासून समुद्र तसा फार लांब नाही. आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी आणि पुढे वेंगुर्ल्याचे बंदर. तरीही आमच्या भागातल्या बहुतेक लोकांनी मोठे जहाज पाहिले ते हाजी लोकांना निरोप देताना. आम्हीही लहानपणी आजोबांना सोडायला मुंबईच्या यलो गेटवर गेलो होतो. मोगल लाइनचे 'अकबर' धक्क्याला लागले होते. हजची समुद्री सफर १९९५ साली बंद झाली, पण त्या दिवशी लागलेला जहाजांचा शौक आजतागायत सुटलेला नाही. दुकानात गिऱ्हाईक नसले की आम्ही जहाजांच्याच बातम्या वाचत बसतो.

मध्यंतरी आमचा भाचा दुकानात आला. म्हणाला, "मामू, मुंबई-गोवा जहाजाचे बुकिंग करू या. गडहिंग्लजचे चार दुकानदार तयार आहेत. नानींनाही नेऊ." त्याने मोबाईलवर जहाजातला पोहण्याचा तलाव, झुंबरे आणि जेवणाचा हॉल दाखवला. आम्ही विचारले, "जीवरक्षक होड्या किती आहेत?" तो हसला. "मामू, सिनेमाला जाताना थिएटरचे दरवाजे मोजता का?"

आमचे म्हणणे आहे की मोजावेत. त्यासाठीच हा लेख.

या धंद्याला सध्या तेजी आहे. २०१८ मध्ये 'आंग्रिया' मुंबई-गोवा सुरू झाली आणि पुढे बंद पडली. २०२१ पासून 'कॉर्डेलिया'चे 'एम्प्रेस' मुंबईहून निघू लागले. २०२४ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने 'क्रूझ भारत मिशन' सुरू केले. २०२९ पर्यंत प्रवासी दुप्पट करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. २०२५ मध्ये मुंबई बंदरात नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. तिकडे फिनलंडमध्ये बांधलेले 'आयकॉन ऑफ द सीज' जानेवारी २०२४ मध्ये प्रवासी घेऊ लागले. वीस मजले आणि ७,६०० पर्यंत प्रवासी, म्हणजे एक गावच तरंगते आहे.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. कापड घेताना आपण वरच्या चमकेवर भुलत नाही. उलटी बाजू पाहतो, वीण पाहतो, ओला बोळा फिरवून रंग सुटतो का ते पाहतो. जहाजाचे झुंबर ही सुलटी बाजू आहे. होड्या, जॅकेट, बिनतारी यंत्रणा आणि खलाशांची तालीम ही उलटी बाजू. जहाजाचे वयही विचारावे. 'एम्प्रेस' १९९० चे बांधलेले आहे. जुने म्हणजे वाईट असे मुळीच नाही. इचलकरंजीतला जुना मागही नीट सांभाळला तर उत्तम कापड काढतो. पण घेणाऱ्याला माल कोणत्या सालचा ते ठाऊक असावे.

ही उलटी बाजू न पाहिल्याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. अमावास्येचा दिवस, गावी जाणाऱ्यांची गर्दी आणि पावसाळी समुद्र. काश्याच्या खडकाजवळ ती उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला खबर पोहोचायलाच कित्येक तास गेले.

'टायटॅनिक'चे तर सर्वांना ठाऊक आहे, पण एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. १९१२ मध्ये त्या जहाजाने कायदा मोडलेला नव्हता. त्या वेळी होड्यांची संख्या जहाजाच्या आकारावरून ठरे, माणसांवरून नव्हे. कायद्याने सोळा होड्या पुरे होत्या, जहाजावर वीस होत्या. माणसे बावीसशेच्या वर आणि होड्यांत जागा ११७८ जणांची. त्यानंतर १९१४ मध्ये 'सोलास' नावाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. शंभर वर्षांनी, १३ जानेवारी २०१२ रोजी, इटलीत 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळले. होड्या भरपूर होत्या, पण जहाज कलंडल्याने कित्येक खाली सोडता येईनात. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची तालीमही झालेली नव्हती. ३२ जण दगावले. तेव्हापासून नियम कडक झाला आणि तालीम जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणे बंधनकारक ठरले.

धोका मोठ्या जहाजातच असतो असेही नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले.

आमचीही एक चूक येथे कबूल करतो. काही वर्षांपूर्वी कुटुंबासह एका खाडीतून लाँचने जात होतो. जॅकेटांचा गठ्ठा छताला दोरीने करकचून बांधलेला. आम्ही विचारले तर खलाशी म्हणाला, "कशाला घाबरता चाचा, रोजचेच आहे." चार लोक हसले आणि आम्ही शरमून गप्प बसलो. मांडीवर नात होती. पलीकडे सुखरूप पोहोचलो, पण त्या गप्प बसण्याची शरम अजून वाटते. तवक्कल म्हणजे खबरदारी सोडणे नव्हे, हे आपण इतरांना सांगतो आणि स्वतः विसरतो.

याच विषयात आपल्या कारागीर बंधूंसाठी धंद्याचीही गोष्ट आहे. १९९० साली युरोपात 'स्कँडिनेव्हियन स्टार' जहाजाला आग लागून १५९ जण मेले, त्यातले बहुतेक विषारी धुराने. जहाजावरचे पडदे, गाद्या, खुर्च्यांचे कापड यांना आगीची चाचणी पास व्हावी लागते. चादरी आणि टॉवेल तर हजारोंनी लागतात. सोलापूरचा टॉवेल आणि इचलकरंजीचे कापड तिथे का जाऊ नये? फक्त भाव पाडून हे काम मिळणार नाही. चाचणीचा दाखला आणि प्रत्येक गाठीत सारखा माल, या दोन गोष्टी लागतील. एकट्याला चाचणीचा खर्च झेपत नसेल तर चार-पाच जणांनी मिळून करावा.

बुकिंग करणाऱ्यांना आमचे तीनच सल्ले आहेत. तान्ह्या मुलासकट प्रत्येकाचे नाव यादीत घाला. लहान मुलांच्या मापाची जॅकेटे कुठे आहेत ते चढताच पाहून घ्या. आणि सात आखूड व एक लांब भोंगा वाजला तर सामान सोडून आपल्या जमण्याच्या जागी जा.

भाच्याला आम्ही होकार दिला आहे. अट एकच घातली. जहाजावर चढल्यावर पहिले काम फोटो काढण्याचे किंवा जेवणाचे नाही. अम्मीसकट सर्वांनी जॅकेट बांधून पाहायचे आणि खोलीपासून होडीपर्यंतची वाट एकदा पायी चालायची. मग खुशाल झुंबरे पाहा.