गिधाडांचा ताळेबंद

गुरुवारी छावणीत बाजार भरला की आभाळात घारींचाही बाजार भरतो. परवा मटणाच्या दुकानाबाहेर उभा होतो. दुकानदाराने आतड्याचा तुकडा भिरकावला आणि तो जमिनीवर पडायच्या आत एका घारीने पंजात झेलला. उडता उडताच पंजातले चोचीत घेत ती खाम नदीच्या दिशेने निघून गेली. उंदीर, सरडा, मेलेला मासा, खाटकाकडचे उरलेसुरले. घारीला काहीही चालते. म्हणूनच ती माणसाच्या शेजारी टिकली.

गिधाडाचे तसे नाही. त्याला मेलेले जनावरच लागते. बँकेत असताना मी दुभत्या जनावरांसाठी कर्जे दिली. कर्जातली म्हैस दगावली की विम्यासाठी कानातला बिल्ला पाहायला गावाबाहेर जावे लागे. सुरुवातीच्या वर्षांत मी पोहोचेपर्यंत तिथे गिधाडांची पंगत बसलेली असे. नाकाला रुमाल लावून मी त्यांना शिव्या घालीत असे. पुढे पुढे तिथे फक्त कुत्री दिसू लागली. मला त्याचे काहीच वाटले नाही.

कारण २००४ साली जगापुढे आले. गुरांच्या दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसात उरते आणि ते खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे काही दिवसांत निकामी होतात. एका ताटात अख्खी पंगत जेवणारी ही जात; असे एक जनावर अनेकांना पुरते. १९९२ ते २००७ या काळात भारतात पांढऱ्या पाठीच्या हजार गिधाडांमागे जेमतेम एक उरले. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही म्हणतात. गायीच्या औषधाने मात्र गिधाड मेले.

सरकारने २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, तेव्हा २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरपुरती केली. २०२३ मध्ये जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही बंद झाले. मेलॉक्सिकॅमसारखा निर्धोक पर्याय आपल्याकडे आहे.

कर्जाच्या फायलीत मी म्हशीची किंमत, दूध, चारा, विमा सगळे मांडीत असे. मेल्यावर तिची विल्हेवाट फुकटात लावणाऱ्याचा रकाना त्यात नव्हता. आज ते काम कुत्री करतात, आणि वाढत्या कुत्र्यांमागून पिसाळण्याचे भय येते. ही थकबाकी आपल्याच नावावर आहे. वाचकहो, गावाकडे तुमच्या भावाच्या गोठ्यात जनावर आजारी पडले, तर डॉक्टरांना एवढेच विचारा: इंजेक्शन कोणते देताय?