गावाचं नाव छापून आलं की वाचावंसं वाटतं : फ्लँडर्सच्या सायकल शर्यतीची गोष्ट



दरवर्षी जून महिन्यात दोन-तीन पालक तरी वर्गाच्या दारात येऊन उभे राहतात. "बाई, दाखला द्या. पोराला इंग्लिश मीडियमला घालतोय. मराठी वाचून पुढं काय करणार?" मी मातृभाषेतून शिक्षणाचे फायदे सांगते. ते मान डोलावतात आणि दाखला घेऊन जातात. माझं सांगणं त्यांना पटत नाही असं नाही, पण ते कोरडं वाटत असावं. म्हणून आज फायदे न सांगता एका सायकल शर्यतीची गोष्ट सांगते.

युरोपात बेल्जियम नावाचा छोटा देश आहे. त्याच्या उत्तर भागाला फ्लँडर्स म्हणतात. तिथले लोक डच भाषेच्या आपल्या बोली बोलतात. पण १८३० मध्ये बेल्जियम स्वतंत्र झाला तेव्हापासून कारभार, कोर्ट आणि उच्च शिक्षण फ्रेंचमध्ये चालायचं. कायद्याने डचला बरोबरीचा दर्जा मिळाला १८९८ मध्ये. तरी मोठं व्हायचं तर फ्रेंच यायलाच हवं, ही समजूत कायम होती. शेतकऱ्याची, मजुराची भाषा ती गावंढळ. ओळखीचं वाटतंय ना?

त्याच फ्लँडर्समध्ये कारेल स्टेयार्ट नावाचा एक गरीब घरातला मुलगा होता. वडील लहानपणीच गेले, घरात भावंडं भरपूर. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. बेकरीत काम केलं, गुरं राखली, पुढे श्रीमंत फ्रेंच बोलणाऱ्या घरांत नोकरी केली. तिथे मिळालेली कमीपणाची वागणूक तो विसरला नाही. सायकल शर्यतीत उतरून पाहिलं, फारसं जमलं नाही. मग तो शर्यतींविषयी लिहू लागला, आपल्याच भाषेत. कारेल व्हान वाइनेन्दाले हे त्याचं लेखनातलं नाव.

१९१२ मध्ये ओडिल डेफ्राय या फ्लेमिश खेळाडूने फ्रान्सची प्रसिद्ध 'टूर द फ्रान्स' जिंकली. असा मान मिळवणारा तो पहिला बेल्जियन. त्याच वर्षी 'स्पोर्टवेरेल्ड' हे लोकभाषेतलं क्रीडापत्र निघालं आणि कारेल लवकरच त्याचा संपादक झाला. २५ मे १९१३ रोजी या पत्राने 'फ्लँडर्सची फेरी' ही शर्यत भरवली. घेंट शहरातून ३७ सायकलस्वार निघाले. आल्स्ट, औडेनार्डे, कोर्ट्राइक, ऑस्टेंड, ब्रुज अशी गावं घेत सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर! पॉल डेमान बारा तासांनी पहिला आला.

आता शिक्षक म्हणून मला भावलेली गोष्ट. पत्र खपावं हा शर्यतीमागचा हेतू उघड होता, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण वाचकाला काय मिळालं बघा. ज्या रस्त्यावरून आपण बाजाराला जातो तो रस्ता, आपल्या गावाचं नाव, आपल्यासारख्याच शेतकऱ्याच्या पोराचा पराक्रम, आणि तेही घरात बोलतो त्या भाषेत छापलेलं! अशा माणसाला 'भाषा जपा' म्हणून सांगावं लागत नाही. तो उद्याच्या अंकाची वाट बघतो.

सुरुवात मात्र सोपी नव्हती. १९१४ मध्ये फ्रेंच संघांनी आपल्याकडच्या बेल्जियन खेळाडूंना इथे यायला मनाई केली. मार्सेल बुइसने ऐकलं नाही, तो आला आणि जिंकला. पहिल्या महायुद्धात शर्यत बंद पडली, १९१९ मध्ये पुन्हा सुरू झाली. कोप्पेनबर्गसारखे दगडी फरसबंदीचे खडे चढ पुढे तिची ओळख बनले. पॅटरबर्गचा चढ तर एका शेतकऱ्याने शर्यत आपल्या दारावरून जावी म्हणून फरसबंद केला, असं सांगतात. १९८६ पासून शर्यत तिथून जाऊ लागली. २००४ पासून महिलांचीही शर्यत होते.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. दुसऱ्या महायुद्धात बेल्जियम जर्मनीच्या ताब्यात असतानाही शर्यत चालू राहिली आणि युद्धानंतर त्यावरून टीका झाली. अभिमान कुणाच्या हातचं साधन बनतोय का, हे बघत राहावंच लागतं. पण हेही लक्षात ठेवू या की, १९४९, १९५० आणि १९५१ अशी सलग तीन वर्षं ही शर्यत इटलीच्या फिओरेन्झो माग्नीने जिंकली, आणि त्याची ओळख झाली 'फ्लँडर्सचा सिंह'! आपलं प्रेमाने जपणारा माणूस परक्याचंही कौतुक करू शकतो.

माझ्या वर्गात एक मुलगा धडा वाचताना अडखळायचा. एकदा गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांची बातमी असलेला पेपर त्याच्या हाती पडला. बोट ठेवून त्याने ती सगळी वाचली, कारण त्यात त्याच्या चुलत्याचं नाव होतं. तेव्हा मला वाटलं, आपण मुलांना वाचायला सांगतो, पण वाचावंसं वाटेल असं किती देतो?

शिक्षकहो, एक करून बघा. गावातल्या शर्यतीची, कबड्डीच्या सामन्याची बातमी मुलांकडून लिहून घ्या आणि फलकावर लावा. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर करणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, त्याची गोष्ट सांगा. पालकहो, इंग्रजी जरूर शिकवा, मीही शिकवते. फक्त घरी रोज दहा मिनिटं पोराच्या आवडीचं मराठीतलं काहीतरी त्याच्यासोबत वाचा. खेळाचं पान चालेल.

घेंट विद्यापीठ १९३० मध्ये पूर्णपणे डच भाषेत शिकवू लागलं. ते एका शर्यतीमुळे झालं असं मी म्हणणार नाही, त्यासाठी अनेकांनी दीर्घ लढा दिला. पण आपल्या भाषेत वाचण्याची गोडी लागलेली माणसं पाठीशी असली की असे लढे टिकतात. ती गोडी लावण्याचं काम आपल्या वर्गातलं आणि आपल्या घरातलं आहे.