अडकलेल्या घासाचा इशारा

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसमधील पाच तरुण रुग्णांची एक छोटी नोंद प्रसिद्ध झाली. एड्सच्या लिखित इतिहासाचा आरंभ या नोंदीपासून मानला जातो. दुर्मीळ न्यूमोनियामुळे ती गाजली. परंतु त्या पाचही रुग्णांना कॅन्डिडा या बुरशीचाही संसर्ग झाला होता, हे आज सहसा कोणाला आठवत नाही. चार दशकांनंतर त्या बुरशीची आठवण काढण्याचे कारण राजकीय आहे. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी परदेशी मदत गोठवण्याचा आदेश काढला आणि जगातील सर्वात मोठा एचआयव्ही उपचार कार्यक्रम चालवणाऱ्या दक्षिण आफ्रिकेची घडी विस्कटली. त्या विस्कटण्याचे पहिले पडसाद उमटतात ते रुग्णाच्या तोंडात आणि घशात.

कॅन्डिडा ही काही बाहेरून येणारी शत्रुसेना नव्हे. अनेक निरोगी माणसांच्या तोंडात ती निमूटपणे राहत असते. एचआयव्हीमुळे रक्तातील सीडी-४ पेशी घटू लागल्या, विशेषतः त्यांची संख्या दर घनमिलिमीटरला २०० च्या खाली गेली, की ती डोके वर काढते. जिभेवर, टाळूवर, गालांच्या आत पांढरा थर साचतो. तो खरवडला तर निघतो आणि खालची त्वचा लालभडक दिसते. संसर्ग अन्ननलिकेत उतरला की गिळताना छातीच्या मध्यभागी असह्य वेदना होतात. घास उतरत नाही, मग पाणीही नकोसे होते. आधीच खंगलेला रुग्ण उपासमारीने आणखी खंगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत तोंडातील चिवट संसर्ग एचआयव्हीच्या तिसऱ्या आणि अन्ननलिकेतील संसर्ग चौथ्या, म्हणजे एड्सच्या टप्प्यात मोडतो.

या आजारावर उत्तम औषध १९९० च्या सुमारापासून उपलब्ध आहे. फ्लुकोनॅझोल हे त्याचे नाव. तोंडातील संसर्गासाठी रोज १०० ते २०० मिलिग्रॅम, एक ते दोन आठवडे. अन्ननलिकेसाठी साधारणतः रोज २०० मिलिग्रॅम, गरजेनुसार त्याहून अधिक, दोन ते तीन आठवडे, असा उपचार असतो. सौम्य संसर्गात तोंडात धरायची औषधेही चालतात. अन्ननलिकेत मात्र त्यांचा उपयोग होत नाही. लक्षणे स्पष्ट असतील तर दुर्बिणीच्या तपासणीसाठी न थांबता उपचार सुरू करावा आणि आठवडाभरात उतार पडला नाही तर तपासणी करावी, हा मान्य संकेत आहे. कारण मग विषाणूजन्य व्रण किंवा औषधाला न जुमानणारी बुरशी यांचा विचार करावा लागतो. फ्लुकोनॅझोलचा इतर औषधांशी संघर्ष होऊ शकतो आणि गरोदरपणात ते जपून वापरावे लागते. म्हणून दुकानातून परस्पर घेण्याजोगी ही गोळी नव्हे.

औषध असूनही ते रुग्णाच्या हाती पडणे सोपे नव्हते. दक्षिण आफ्रिकेत २००० मध्ये पेटंटधारक फायझर कंपनीच्या गोळीची किंमत गरिबांच्या आवाक्यापलीकडे होती. ख्रिस्तोफर मोराका या कार्यकर्त्याने औषधांच्या किमतींविषयी संसदीय समितीपुढे साक्ष दिली आणि त्याच वर्षी, याच बुरशीने ग्रासलेल्या अवस्थेत, त्याचा मृत्यू झाला. ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ या संघटनेने त्याच्या नावाने पेटंटविरोधी कायदेभंगाची मोहीम उभारली. तिचे नेते झॅकी आखमट यांनी ऑक्टोबर २००० मध्ये थायलंडहून याच औषधाच्या हजारो जेनेरिक कॅप्सूल उघडपणे देशात आणल्या. त्यांची किंमत मूळ कंपनीच्या किमतीच्या अल्पशा अंशाएवढीच होती. सुरुवातीला केवळ मेंदूज्वरासाठी मोफत औषध देऊ करणाऱ्या फायझरने वर्षअखेर अन्ननलिकेच्या संसर्गाचाही त्यात समावेश केला. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने एचआयव्हीची तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली आणि किमतींची कोंडी खऱ्या अर्थाने फुटली.

आज फ्लुकोनॅझोलची गोळी स्वस्त आहे. मग प्रश्न संपला काय? तसे म्हणता येणार नाही. ही बुरशी दडपता येते, समूळ घालवता येत नाही. तिला कायमचे रोखून धरते ती शरीराची प्रतिकारशक्ती आणि ती परत मिळते केवळ एचआयव्हीविरोधी औषधांच्या अखंड सेवनाने. ती सुरू न करता वारंवार फ्लुकोनॅझोल देत राहिले तर संसर्ग उलटतो आणि कालांतराने बुरशी औषधालाच दाद देईनाशी होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बुरशींची पहिली प्राधान्ययादी जाहीर केली, तेव्हा कॅन्डिडा अल्बिकन्सला सर्वात गंभीर गटात स्थान दिले, हे येथे ध्यानात घ्यावे.

म्हणूनच मदतकपातीचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. दक्षिण आफ्रिका आपली बहुतांश औषधे स्वतःच्या पैशाने खरेदी करते. अमेरिकी निधीतून प्रामुख्याने पोसली जात होती ती माणसे: समुपदेशक, नोंदी ठेवणारे, उपचार अर्धवट सोडलेल्यांच्या दारी जाणारे कार्यकर्ते. कपाटात गोळ्या असूनही रुग्णाला परत आणणारा माणूसच उरला नाही, तर त्या गोळ्यांचा उपयोग काय? आज बळावलेल्या अवस्थेत रुग्णालयात येणाऱ्यांत मोठा वाटा नव्या रुग्णांचा नसून, एकदा उपचार सुरू करून मध्येच सोडलेल्यांचा असतो.

भारताने १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी सुरू केली, मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक होते. आपला कार्यक्रम मुख्यतः सरकारी तिजोरीतून चालतो, ही जमेची बाजू. परंतु कामासाठी गाव सोडणारा मजूर, नातेवाइकांपासून आजार लपवणारी विधवा, लोकलाजेने केंद्र टाळणारा नोकरदार यांची औषधे आपल्याकडेही खंडित होतात. अशा माणसाच्या जिभेवरचा पांढरा थर हा केवळ ‘तोंड आले’ म्हणून सोडून देण्याचा विषय नव्हे. त्याची एचआयव्ही तपासणी, सीडी-४ मोजणी, क्षयरोगाचा आणि मेंदूज्वर आणणाऱ्या क्रिप्टोकॉकस बुरशीचा शोध या गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. तोंड स्वच्छ आहे म्हणजे प्रतिकारशक्ती शाबूत आहे, असेही समजू नये. पेशी घटूनही अनेकांत कोणतीच खूण दिसत नाही.

२००० मध्ये लढाई गोळीच्या किमतीची होती आणि ती बव्हंशी जिंकली गेली. आजची लढाई रुग्णाला उपचाराशी बांधून ठेवणाऱ्या माणसांच्या पगाराची आहे. ती हरलो, तर घसा पंधरा दिवसांत बरा होईल आणि रुग्ण काही महिन्यांनी पुन्हा त्याच दारात उभा राहील. कदाचित तेव्हा त्याच्यासाठी उशीर झालेला असेल.