तांड्यावरच्या सुईचे मोल

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही हिंगोली जिल्ह्याच्या दृष्टीने आनंदाचीच गोष्ट. परंतु याच जिल्ह्यातील बंजारा तांड्यांवर स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या भरतकामाचा उल्लेख जिल्ह्याच्या वैभवात क्वचितच होतो.

एकेकाळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर हिंडणाऱ्या या समाजाचा व्यापार सडका व आगगाडी आल्यावर बुडाला. स्त्रियांची सुई तेवढी टिकली. काचळी, फेटिया, टुकरी ही वस्त्रे म्हणजे त्या सुईचे दप्तरच. त्यावरील आरशाला छिद्र नसते आणि त्यास डिंकही लावीत नाहीत. आधी दोऱ्यांची आडवीउभी जाळी त्यावर ताणायची, मग तिच्याभोवती टाक्यांचे कडे गुंफून तो कापडावर जखडायचा. शेजारी कवड्या, मणी, क्वचित जुनी नाणी. हे सारे कागदावरील नक्षीवाचून, केवळ नजरेच्या अंदाजाने!

नव्या पिढीने हा पोशाख टाकला, अशी हळहळ शहरांत व्यक्त होते. ती फुकाची आहे. साडी स्वस्त, हलकी आणि धुण्यास सोपी. ती नेसणाऱ्या सुनेला दोष का द्यावा? शिवाय दिवाळीच्या सुमारास तांड्यांवरील अनेक कुटुंबे ऊसतोडीला निघतात. दिवसभर मोळ्या वाहिलेल्या हातांनी रात्री आरसे जडवावेत, ही अपेक्षाच क्रूर होय. प्रश्न अभिरुचीचा नसून मजुरीचा आहे.

कर्नाटकातील संडूरच्या लंबाणी भरतकामाला २०१० मध्येच मानांकन लाभले. तेथील स्त्रिया कला केंद्रात एकत्र येऊन काम करतात, आणि २०२३ मध्ये हंपी येथे त्यांच्या १,७५५ वस्तूंच्या प्रदर्शनाची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. अर्थात निव्वळ मानांकनाने चूल पेटत नाही. टाक्याचा दर कारागीर स्त्रियांनी ठरवावा लागतो, अन्यथा नफा दलालाच्या खिशात जातो.

शेजारच्या वाशीम जिल्ह्यात पोहरादेवी येथे २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय उभे राहिले. ते आवश्यकच होते. मात्र काचेआड ठेवलेल्या काचळीकडे पाहून कोणाला टाका घालता येत नाही. तो शेजारी बसूनच शिकावा लागतो. शाळांत कार्यानुभवाचा तास असतोच. त्या तासाला तांड्यावरील एखाद्या जाणत्या आजीला रीतसर मानधन देऊन बोलाविण्यास शिक्षण खात्याला फारशी तोशीस पडू नये.