कोयता एक, माणसे दोन

परभणी आणि पूर्णा यांच्या दरम्यान पिंगळी हे लहानसे रेल्वे स्थानक आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यात गोदावरी खोऱ्याची ही रेल्वे धावू लागली ती येथल्या रयतेला देवदर्शन घडविण्यासाठी नव्हे. काळ्या जमिनीत पिकलेला माल दूरच्या बाजारपेठांकडे ओढून नेणे हे तिचे मोठे काम होते. म्हणजे बाजार पिंगळीच्या दारात सव्वाशे वर्षे उभा आहे. ही गोष्ट आरंभीच नोंदविण्याचे कारण असे की, मराठवाड्यातील स्त्रीच्या हीन स्थितीचा विषय निघाला की एक ठरावीक उत्तर ऐकू येते, आणि ते समाजवादी म्हणविणाऱ्या वर्तुळांतूनही येते. हे सारे सरंजामी काळाचे अवशेष आहेत. पैसा, रस्ते, शिक्षण आणि उद्योग आले की ते आपोआप गळून पडतील, असे ते उत्तर आहे. ते सोयीचे आहे, पण खोटे आहे. भांडवल जुनी रूढी मोडायला येत नाही. ती रूढी नफ्याच्या कामी येत असेल, तर भांडवल तिला खतपाणी घालते.

दसऱ्यानंतर पिंगळी परिसरातील कोणत्याही कापसाच्या रानात पाहावे. कमरेला ओटी बांधून वाकलेल्या रांगेत पुरुष क्वचितच दिसतो. नांगरट, पाळी, फवारणी ही पुरुषाची कामे. खुरपणी आणि वेचणी ही बाईची. पुरुषाला रोज मिळतो, वेचणीचे पैसे मात्र वजनावर मिळतात. पहिल्या वेचणीला बोंडे भरलेली असतात तेव्हा हाताला थोडाफार पैसा लागतो. शेवटच्या वेचणीला तेवढेच वजन भरायला दुप्पट वेळ वाकावे लागते, तरी दिवसाची कमाई खालीच राहते. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी सोललेल्या बोटांचा हिशोब काट्यावर होत नाही.

१९७६ साली देशात समान वेतनाचा कायदा झाला. समान कामाला समान दाम, हे त्याचे तत्त्व. जमीनदाराला तो मोडण्याची गरजच पडली नाही. जे काम फक्त बायकाच करतात त्याची तुलना करायची कोणाशी? कामाची वाटणी रूढीने केली, त्या वाटणीवर भाव बाजाराने ठरविला आणि कायदा बांधावर उभा राहून पाहत राहिला. आता खुरपणीच्या जागी तणनाशक येत आहे. त्यामुळे वाचणारी मजुरी शेतमालकाची, बुडणारी मजुरी बाईची. यंत्र आणि रसायन आले की प्रथम कोणाचा रोजगार जातो, हे मुंबईच्या गिरण्यांनी पूर्वीच दाखवून दिले होते. १९२०च्या दशकात त्या गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांत एक स्त्री होती. पुढे नवी यंत्रे आली, रात्रपाळीचे आणि बाळंतपणाच्या रजेचे निमित्त पुढे झाले, आणि संप-लढ्यांत पुढे असणाऱ्या त्या बायका खात्यांतून हळूहळू नाहीशा झाल्या. त्यांच्या जाण्यावर कामगार चळवळीनेही फारसे अश्रू ढाळले नाहीत.

परंतु या व्यवस्थेचे खरे रूप पाहायचे तर ऊसतोडीकडे वळावे लागते. बीड जिल्ह्यातून, तसेच परभणीच्या गंगाखेड-पालम भागातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या फडांकडे कुटुंबे निघतात. मुकादमाच्या वहीत माणसे मोजली जात नाहीत. मोजला जातो कोयता. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. उचल घेतो नवरा आणि सही किंवा अंगठा त्याचा. पुरुष ऊस तोडतो. पाचट काढणे, मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन वाहनापर्यंत नेणे हे बहुतांशी बाईकडे येते. पहाटे भाकरी तिच्याच हातची, पाणी तिनेच आणायचे, कोपीवरचे लेकरू तिनेच सांभाळायचे. एवढे करून मजुरीच्या वहीत तिचे नाव नाही. ती नवऱ्याच्या कोयत्याची मूठ आहे! आणि दोघांपैकी एक आजारी पडला तरी खाडा संपूर्ण कोयत्याचा धरला जातो आणि उचलीतून कापला जातो.

या खाड्याचा परिणाम कोठवर जातो, हे २०१९ साली उघड झाले. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली होती. दर सहा स्त्रियांमागे एक! देशात हे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास आहे. वृत्तपत्रांनी तेव्हा लोभी डॉक्टरांवर रकानेच्या रकाने भरले. ते डॉक्टर दोषी नाहीत असे कोणी म्हणणार नाही; पण डॉक्टरच्या दारापर्यंत त्या बाईला कोणी लोटले? पाळीच्या दिवसांत फडावर आडोसा नाही, पाणी नाही, विश्रांती घ्यावी तर खाडा. दुखणे अंगावर काढायचे आणि शेवटी दुखण्याचे मूळच कापून टाकायचे, हा तिला दिसलेला एकमेव मार्ग. त्या शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उचल, आणि ती फेडण्यासाठी पुन्हा फड. मालकाने हुकूम दिला नाही, मुकादमाने सुरी धरली नाही, तरी मजुरीच्या एका पद्धतीने बाईच्या शरीराची रचनाच हंगामाला सोयीची करून घेतली. यात सरंजामी काय आहे? गाळपाचा दिवस वाया जाऊ न देणारा हा अगदी आधुनिक हिशोब आहे.

आणि हा हिशोब कोणा परदेशी कंपनीचा नाही. १९५० साली प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना निघाला तेव्हा तो शेतकऱ्यांचा कारखाना म्हणून गौरविला गेला. ऊस पिकविणारा सभासद झाला. ऊस तोडणारा मात्र कारखान्याचा कामगारच नाही, तो मुकादमाचा माणूस. आणि तोडणारी तर मुकादमाच्याही लेखी नाही.

याउलट एक अनुभव महाराष्ट्राच्याच गाठीशी आहे. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बाईचे नाव रोजगार हमीच्या हजेरीपटावर तिचे स्वतःचे म्हणून लागले. १९७७ साली हमीचा कायदा संमत झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि बाई व बाप्या यांना कामाचा एकच दर, हे त्यात गृहीत होते. मोजमापातली चोरी, रखडलेले पगार, पाळण्याविना उन्हात पडलेली पोरे, हे सारे त्या कामांवरही होते. तरीही त्या हजेरीपटाने एक गोष्ट सिद्ध केली: बाईच्या श्रमाला वेगळे नाव आणि वेगळा दाम देणे अशक्य नाही. गावातल्या बागायतदारांनी रोजगार हमीविरुद्ध ओरड केली ती उगीच नव्हे. हुकमी आणि स्वस्त हात त्यांच्या बांधावरून उठून सरकारी कामावर निघाले होते.

जमिनीचेही तेच. सातबारावर नाव नसल्याने रानात राबणारी बाई शेतकरी ठरत नाही. २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार देशातील वहिवाट खातेदारांत स्त्रिया शेकडा १४ देखील नाहीत. ज्याच्या नावावर जमीन व कर्ज त्याची आत्महत्या शेतकऱ्याची. २००६ पासूनची एक लाखाची मदत त्याच्या कुटुंबाला. त्याच नापिकीत, त्याच कर्जापायी बायकोने विष घेतले तर कागदावर ती गृहिणी. आता निवडणुकीच्या हंगामात तिच्या खात्यावर महिन्याला दीड हजार येऊ लागले. ते तिने अवश्य घ्यावेत, त्यात लाज कसली? पण भाऊ होऊन ओवाळणी देणाऱ्या शासनाला तिची मजुरी वेगळी लिहा, असे मुकादमाला बजावता आलेले नाही.

शासनाचे राहो. जानेवारी २०२४ मध्ये दीर्घ वाटाघाटींनंतर तोडणीदरात ३४ टक्के वाढ झाली. लढ्याचे ते यश आहेच. पण ती वाढही कोयत्यालाच मिळाली. लाल, निळे, भगवे, कोणत्याही झेंड्याखालच्या संघटनेने कोयता फोडून दोन नावे लिहिण्यावर बोलणी अडवून धरली नाहीत. आधी दर, मग बायकांचे पाहू, असा युक्तिवाद तेव्हा होतो, आणि तो करणारे कार्यकर्ते प्रामाणिक असतात. मात्र दर वाढला तरी वाढलेला पैसा नवऱ्याच्या आणि मुकादमाच्या हिशोबातच विरतो, हे ते विसरतात. वर्गलढ्यात बाईचा प्रश्न उपरा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी अर्धा वर्ग वहीत आलेलाच नाही हे ध्यानी घ्यावे.

करारावर दोघांच्या सह्या, मजुरीचा अर्धा वाटा बाईच्या खात्यावर, पाळीच्या व बाळंतपणाच्या दिवसांचा खाडा रद्द आणि खर्च कारखान्याच्या माथी: या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. पुढच्या हंगामाची उचल पावसाळ्यातच वाटली जाते. परभणी जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना मुकादमाच्या ओट्यावर जायचे असेल, तर ते तेव्हाच जावे लागेल. दिवाळीनंतर गाठ पडेल ती फक्त कुलूप लावलेल्या घरांशी.